सुरुपसिंगचं राजस्थान

सुरुपसिंग वसावेने राजस्थान पाहिलेलं नाही. उत्तरेला नर्मदा आणि पश्चिमेला सुरत, यापलीकडे तो आयुष्यात गेलेला नाही. तरी अक्कलकुव्यापासून शहाद्यापर्यंत कुठेही दुकानाचं उद्घाटन असो, शाळेचं गॅदरिंग असो, लोक त्याला 'तो राजस्थानी कठपुतळीवाला' म्हणूनच ओळखतात. यात थोडा दोष माझाही आहे, कारण त्याचं कार्ड मी छापलं.

माझं अक्कलकुव्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सुरुपसिंग पहिल्यांदा आला तो रेशनकार्डात बायकोचं नाव चढवायला. खांद्यावर पोतं होतं, आणि पोत्यातून एक मिशीवालं लाकडी डोकं बाहेर बघत होतं. मी विचारलं, "हा कोण?"

"राजा आहे भाऊ," तो म्हणाला. "याचं नाव नाही चढवायचं."

त्याचा पाडा मोलगीच्याही वर. डांबरी रस्ता संपल्यावर तासभर चालायचं. तिथली माणसं दिवाळी उरकली की गुजरातेत ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर जातात आणि होळीला परत येतात. सुरुपसिंग विसाव्या वर्षी सुरतेत एका इमारतीच्या परांचीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. मुकादमाने प्लास्टर करून आणलं, त्याला झोपडीत टाकलं आणि तो बाकीच्यांना घेऊन कामावर गेला. तीन महिने सुरुपसिंगला ताडपत्रीच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच जग उरलं. त्या फटीतून भाटांची पालं दिसत.

हे भाट राजस्थानातून आलेले, पिढीजात कठपुतळ्या नाचवणारे. त्यांच्यातला छोगाराम नावाचा म्हातारा रोज सकाळी खाट उभी करायचा, तिला पडदा बांधायचा आणि समोर कोणी नसलं तरी एकदा सगळा खेळ करून बघायचा. चार-सहा दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की समोर कोणीच नसतं असं नाही, शेजारच्या झोपडीतून एक पोरगा रोज टक लावून बघतो. तो नाचणारी बाहुली घेऊन सुरुपसिंगच्या झोपडीत आला आणि तिचे दोरे त्याच्या बोटांत अडकवले.

"पैर टूटा है ना? इसको देख. इसको तो हैं ही नहीं."

ते खरंच होतं. कठपुतळीला पाय नसतात. लाकडाचं डोकं, चिंध्यांचं अंग आणि कमरेखाली नुसता घेरदार घागरा. डोक्यापासून आणि कमरेपासून निघालेले दोरे नाचवणाऱ्याच्या बोटांत असतात, आणि ती बोटं जिवंत असली की पाय नसल्याचं कोणाच्या ध्यानात येत नाही. छोगारामची स्वतःची दोन्ही मुलं टाइल्स बसवायच्या कामाला लागली होती आणि बापाचा धंदा सांगायला लाजत होती. म्हणून त्याला शिकवायला कोणीतरी हवं होतं, आणि सुरुपसिंगला तिथून उठून जाता येत नव्हतं. शिक्षण असं सुरू झालं.

पाय बरा झाल्यावरही सुरुपसिंग पुढची तीन वर्षं त्याच भागात काम धरत राहिला. चौथ्या वर्षी छोगारामने त्याला राजा, नाचणारी आणि एक दुतोंडी अशा तीन बाहुल्या दिल्या. शिवाय 'बोली' दिली. बोली म्हणजे बांबूच्या चिपट्यांची छोटी शिट्टी. ती दातांत धरली की बाहुली बोलते. बोलते म्हणजे नुसती चिवचिवते. ती काय म्हणाली हे ढोलक वाजवणाऱ्या बाईने लोकांना सांगायचं असतं.

होळीला सुरुपसिंग हे सगळं घेऊन पाड्यावर आला आणि खाट उभी करून त्याने गावाला खेळ दाखवला. माणसं शांतपणे बसली, शांतपणे बघितलं. खेळ संपल्यावर गावातले मोठे, दलसिंगबाबा, उठून पडद्यामागे गेले, बाहुली हातात घेऊन उलटीपालटी केली आणि परत ठेवली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण आपल्याकडे माणसं स्वतःच नाचतात. लाकडाला कशाला त्रास?"

त्याच क्षणी पलीकडे ढोल घुमला आणि त्याचे सगळे प्रेक्षक नाचायला निघून गेले. थोड्या वेळाने तोही गेला.

मग त्याला प्रेक्षक मिळाले ते खाली सपाटीवर, जिथे लोक स्वतः नाचत नाहीत. तिथेच फुलवंताबाईची किंमत कळली. ही त्याची बायको. नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठं खुडता खुडता तिची अहिराणी पक्की झाली होती, आणि ढोल तर तिच्या हातात माहेरापासून होता. बाहुलीचं चिवचिवणं लोकांना समजावून सांगायचं काम तिच्याकडे आलं. सुरुपसिंगच्या मनात काय असे याच्याशी तिचं काही देणंघेणं नसे. लोणखेड्याच्या एका कार्यक्रमात राजा दरबारात येऊन नुसता "चीं चीं" करून खाली बसला. फुलवंताबाईने पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्यांकडे बघून जाहीर केलं, "राजा म्हनस, मन्हा घोडा खड्डामा पडना. तुमना रस्ता कव्हय व्हई?" लोक हसून हसून पडले. सुरुपसिंग मला म्हणाला, "भाऊ, माझा राजा काय बोलतो ते मलाच खेळ संपल्यावर कळतं."

कठपुतळी म्हटली की लोकांना फेटा लागतो. फेटा नसला तर पैसे घेऊन भलताच माणूस आला असं त्यांना वाटतं. म्हणून सुरुपसिंगने अक्कलकुव्याच्या बाजारातून, नेमीचंद शेठच्या कापडदुकानातून, लाल-पिवळा बांधणीचा फेटा घेतला. बाहुल्यांच्या घागऱ्यांना लागणारे कटपीस तो तिथूनच न्यायचा. त्याच्या नावात 'सिंग' होतंच. बाकीचं लोकांनी आपापलं समजून घेतलं. कार्ड छापताना मी विचारलं, "राजस्थानी कठपुतळीवाले लिहू?" तो म्हणाला, "कठपुतळी राजस्थानी आहे भाऊ. कठपुतळीवाला मी आहे." एवढा बारकावा कार्डावर मावत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी नेमीचंद शेठच्या मुलीचं, जिनलचं, लग्न ठरलं. मुलाकडची मंडळीही मूळची मारवाडचीच, पण तीन पिढ्या बंगळुरूत. त्यांची इच्छा अशी की लग्न अगदी राजस्थानी पद्धतीने व्हावं, मातीचा वास यावा. शेठने लोणखेड्याजवळचं लॉन घेतलं आणि तो वास आणायचं काम सुरतेच्या एका इव्हेंटवाल्याला दिलं. मेंदीच्या कार्यक्रमासाठी खास जयपूरहून कठपुतळीवाले येणार, असं शेठने व्याह्यांना फोनवर तीनदा सांगितलं होतं.

जयपूरच्या कलाकारांना आदल्या दिवशी दुसरीकडे मोठं काम मिळालं आणि त्यांनी फोन बंद केला. इव्हेंटवाल्याचा माणूस, महावीर, गावोगाव विचारत सुटला. कोणीतरी त्याला कार्ड दिलं.

"आप जयपुर से हो ना?" त्याने फोनवर विचारलं.

"नही साहेब. मोलगीसे."

"चलेगा. वहां आके जयपुर बोलना."

सुरुपसिंग कामाला नाही म्हणणारा नव्हता, पण लॉनवर पोचल्यावर दारावरची 'जिनल' ही अक्षरं त्याने वाचली आणि तो थबकला. फुलवंताबाई म्हणाली, "शेठ आपल्याला ओळखतो. चल परत." तोवर महावीरने त्यांना ढकलत आत नेलं होतं.

मीही तिथे होतो, कारण शेठचं दुकान माझ्या शेजारी. सकाळी अकराची वेळ, पिवळे पडदे, मेंदीचा वास. शेठ व्याह्यांना घेऊन मोठ्या ऐटीत आले. "ये देखिए, खास जयपुर से…" आणि समोर सुरुपसिंग. डोक्यावर त्यांच्याच दुकानातला फेटा. दोघांची नजरानजर झाली. शेठने हात जोडले आणि म्हणाले, "पधारो सा." सुरुपसिंगनेही हात जोडले. एकमेकांना इतक्या आदराने त्यांनी दुकानात कधी नमस्कार केला नव्हता.

खेळ चांगला झाला. फुलवंताबाईला अहिराणी बोलायची सोय नव्हती म्हणून तिने जपून, मोजक्या हिंदीत भाषांतर केलं, आणि राजा कधी नव्हे तो सभ्य वागला. सगळं पार पडलं असं वाटत असतानाच शेठच्या आई, तीजाबाई, खुर्चीतून म्हणाल्या, "त्यांना माझ्याजवळ आणा."

तीजाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. राजस्थानातल्या नागौरजवळच्या गावातून पंधराव्या वर्षी लग्न होऊन अक्कलकुव्यात आलेल्या. पन्नासेक वर्षं त्या दुकानात बसल्या. नातवंडं त्यांना दादीसा म्हणत, मुलगा माँसा. त्यांनी मारवाडीत विचारलं, "कठै रा हो?" म्हणजे, कुठले तुम्ही?

सुरुपसिंगच्या दातांत बोली होतीच, तो "चीं" म्हणाला. फुलवंताबाई सवयीने सांगायला लागली, "ये बोलते हैं कि…" आणि अडकली. शेठ घाम पुसू लागले.

तीजाबाईंनी तिच्याकडे, तिच्या कपाळावरच्या गोंदणाकडे, गळ्यातल्या चांदीकडे निरखून बघितलं. आणि मग त्या जे बोलल्या ते मारवाडी नव्हतं. ती डोंगरातली भिली होती, अगदी मोलगीच्या बाजाराची. मला तोडकीमोडकी कळते म्हणून सांगतो.

"काय गं, तू मोलगीकडची ना? अखाजीच्या सणाला आमच्याकडून हिरवं लुगडं नेलं होतंस. रंग टिकला का त्याचा?"

फुलवंताबाईच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. "कुठला टिकतो! दुसऱ्याच धुण्याला गेला."

"मी नेमीचंदला म्हटलं होतं, तो गठ्ठा घेऊ नको. ऐकत नाही. पोरंबाळं किती तुला?"

आणि मग दोघी सुटल्याच. लुगडी, पोरं, मोहाची फुलं यंदा कशी आली, कोणाची सून कुठे पळाली. समोर बंगळुरूची मंडळी हात जोडून उभी होती. नवऱ्या मुलाच्या आत्याने डोळे टिपले. "कितनी शुद्ध बोली है," ती म्हणाली. "हमें तो एक शब्द समझ नहीं आया." तिचे यजमान म्हणाले, आता असली मारवाडी फक्त खेड्यांतच उरली आहे. एकाने मोबाइलवर सगळं चित्रण केलं. 'सत्तर वर्षांनी माहेरची माणसं भेटली' असं लिहून ते संध्याकाळपर्यंत देशभरच्या नातेवाइकांत फिरलं. शेठने काही खुलासा केला नाही. मीही नाही.

निघताना तीजाबाईंनी सुरुपसिंगला थांबवलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"तुझा राजा एकदम कसा आला? आधी झाडूवाला येतो. मग भिस्ती पखाल घेऊन पाणी शिंपडतो. मग चोपदार. दरबार भरल्याशिवाय राजा येतो का कुठे?"

"माझ्याकडे राजाच आहे, आई. बाकीचे दिलेच नाहीत मला."

"आणि दोरे तीनच घेतोस. पाच असतात." त्यांनी सुरकुतलेली बोटं हवेत धरली आणि हलवली. सुरुपसिंग मला नंतर म्हणाला, "भाऊ, त्या बोटांत काहीच नव्हतं, पण मला बाहुली दिसली."

"बाजाराच्या दिवशी दुकानावर ये," त्या म्हणाल्या.

तो गेला. आधी बिचकत, मग दर आठवड्याला. दुकानाच्या मागच्या खोलीत दुपारी तीजाबाई खुर्चीत बसायच्या आणि सुरुपसिंग खाली. तिथे त्याला कळलं की शेठच्या आईने आयुष्यात कठपुतळीला कधी हातही लावलेला नव्हता. लहानपणी भाट गावात आले की खेळ अंगणात व्हायचा, पुरुष समोर बसायचे आणि बायका-मुलींनी मागच्या गच्चीवरून बघायचं. गच्चीवरून पडद्याची मागची बाजू दिसे. बाहुल्यांचे चेहरे दिसत नसत. दिसत ती फक्त नाचवणाऱ्याची बोटं.

"समोरून मी जिनलच्या मेंदीलाच पहिल्यांदा पाहिलं," त्या म्हणाल्या. "बाहुलीला मिश्या असतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

सत्तर वर्षांपूर्वी गच्चीवरून पाहिलेली ती बोटं त्यांच्या ध्यानात पक्की होती. कोणत्या बोटाने मान वळते, करंगळी कधी सैल सोडायची, झाडूवाला वाकतो तेव्हा अंगठा कुठे असतो. छोगाराम शिकवत होता तेव्हा सुरुपसिंग नवशिका होता, त्याला तीन दोरेच पेलत होते. पुढचे दोन शिकायचे राहून गेले होते. ते त्याला अक्कलकुव्यात, साड्यांच्या गठ्ठ्यांआड, एका बाईने भिलीत शिकवले.

त्या पावसाळ्यात सुरुपसिंगने पांगाऱ्याच्या लाकडातून झाडूवाला, भिस्ती आणि चोपदार कोरले. तीजाबाईंनी भिस्ती दोनदा परत पाठवला. "हा पाणी शिंपडत नाही, कीटकनाशक मारतोय," त्या म्हणाल्या. तिसरा त्यांना पसंत पडला. नेमीचंद शेठला सुरुवातीला हे सगळं अवघड वाटायचं. गिऱ्हाइकं विचारायची, मागे शिट्टी कोण वाजवतंय? शेठ सांगायचे, प्रेशर कुकर. पण संध्याकाळी आईचा चेहरा बघून ते गप्प बसत. पुढे पुढे बाजाराच्या दिवशी ते स्वतःच मागच्या खोलीत दोन चहा पाठवू लागले, आणि फुलवंताबाई असली की तीन.

मागच्या वर्षी तीजाबाई गेल्या. दुपारच्या झोपेतच गेल्या. दुखवट्याच्या बैठकीला राजस्थानातून त्यांच्या भावाची मुलं आली होती. सुरुपसिंग आणि फुलवंताबाई दाराशी येऊन उभे राहिले, आत जावं की नाही या विचारात. भाचे शेठला हळूच विचारू लागले, ही मंडळी कोण? मी शेठकडे बघितलं. या वेळी खोटं बोलायचं त्यांना काहीच कारण नव्हतं.

"माँसाच्या माहेरचे," शेठ म्हणाले, आणि उठून त्यांनी सुरुपसिंगला भाच्यांच्या शेजारी बसवलं. खरे माहेरचे जरा सरकून बसले.

त्यानंतर बरेच दिवस सुरुपसिंगने खेळ केला नाही. मग एक दिवस माझ्याकडे आला आणि म्हणाला, लोककलाकारांचं ओळखपत्र मिळतं म्हणे, ते काढायचंय. मी संगणक उघडला. पहिल्यांदा बोटांच्या ठशांवर अडलं. मशीन दहाही बोटं नाकारत होतं, कारण सिमेंट, ऊस आणि दोरे यांनी तिथल्या रेषा पुसून टाकल्या होत्या. ज्या बोटांची कला, तीच बोटं सरकारला पटेनात. शेवटी डोळे दाखवून काम भागलं.

मग आली कलाप्रकाराची यादी. लावणी होती, भारूड होतं, पोवाडा होता, कठपुतळी नव्हती. मी एका साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, ही आपल्या राज्याची कलाच नाही, त्यांनी त्यांच्या राज्यात अर्ज करावा. मी म्हटलं, त्यांचं राज्य हेच आहे. साहेब म्हणाले, मग आदिवासी कलेत बघा. तिथल्या साहेबांनी आपुलकीने सल्ला दिला, "सोंगाड्या पार्टीचा तमाशा लिहा ना, नाहीतर ढोल लिहा. लगेच मंजूर करून देतो."

मी सुरुपसिंगकडे बघितलं. "ढोल लिहू? कोण बघायला येतंय?"

तो म्हणाला, "नको भाऊ. ढोल तर आमच्याकडे सगळेच वाजवतात. कठपुतळी माझी आहे." 'माझी' हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

यादीत अगदी खाली एक पर्याय होता. मी तो निवडला, फोटो चढवला आणि अर्ज पाठवून दिला. चार महिन्यांनी, कोणाच्याच नजरेला न पडल्यामुळे असेल, तो मंजूर झाला. कार्ड आलं. त्यावर सुरुपसिंगचा फेट्यातला फोटो आणि खाली छापलेलं: कलाप्रकार, इतर.

त्याने ते एकेक अक्षर लावत वाचलं. "इतर म्हणजे?"

"म्हणजे… बाकीचे. यादीत न बसलेले."

"मग पुष्कळ असतील आमच्यासारखे," तो खूश होऊन म्हणाला.

त्याने कार्ड लॅमिनेट करून घेतलं आणि दोन झेरॉक्स काढायला सांगितल्या. दुसरी कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, फुलवंताला. राजा काय बोलतो ते तीच ठरवते, मग कार्ड एकट्याच्या नावावर कसं? एवढ्यात मोलगीची जीप हॉर्न वाजवायला लागली. त्याने झेरॉक्स पोत्यात, भिस्तीच्या शेजारी, नीट घडी करून ठेवली आणि धावत जाऊन मागच्या दांड्याला लटकला.